रुजणं, उगवणं, वाढणं: पहिली-दुसरीच्या पोरांना बी कसं दाखवावं

"बी रुजायला काय काय लागतं?" कुठल्याही शाळेत विचारा, पोरं एका सुरात ओरडतात, "हवा, पाणी, सूर्यप्रकाश!" कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या छोट्या शाळेतही हेच उत्तर आलं. योगायोग असा की त्याच दिवशी पोषण आहारात मटकीची उसळ होती. मटकी आदल्या दिवसापासून ओल्या फडक्यात गच्च बांधून, पातेल्यात घालून, वर झाकण ठेवलेली. मी सगळ्या वर्गाला उठवलं आणि स्वयंपाकघरात नेलं. मावशींनी गाठ सोडली. प्रत्येक दाण्याला पांढरा मोड.

"आता सांगा, ऊन कुठनं मिळालं हिला?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पहिलीतली एक म्हणाली, "बाई, फडक्यातनं आत जात आसंल."

उत्तर चुकीचं होतं, पण तिने पाठ केलेलं सोडून डोकं चालवलं होतं. त्या दिवसापासून मी बियांचा धडा फळ्यावर शिकवणं सोडून दिलं.

आपल्या भाषेने खरं तर अर्धं काम आधीच करून ठेवलंय. शेतकरी तीन वेगळे शब्द वापरतो. बी मातीत रुजतं, मातीच्या वर उगवतं आणि मग वाढतं. घरात आई म्हणते, मटकीला मोड आले. ती कधी म्हणत नाही की मटकी वाढली. रुजायला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि वाढायला लागणाऱ्या वेगळ्या. पाठ्यपुस्तकी उत्तरात या दोन याद्या एकत्र झाल्यात, आणि मोठी माणसंही तिथेच अडखळतात. बहुतेक बियांना रुजायला पाणी, हवा आणि ऊब एवढंच लागतं. ऊन नको, खत नको, आणि खरं सांगायचं तर मातीही नको. काही बारीक बियांना उजेड लागतो, सॅलडच्या लेट्यूसचं बी त्यातलंच, पण आपल्या डाळी-कडधान्यांना त्याची गरज नाही.

मग रुजताना बी खातं काय? हा प्रश्न पोरांना विचारायचा आणि उत्तर न देता हातावर शेंगदाणे ठेवायचे.

भाजलेला शेंगदाणा बोटांनी दाबला की त्याच्या दोन पाकळ्या होतात. एका पाकळीच्या टोकाला एक छोटी चोच चिकटलेली असते. आपण ती रोज खातो, पण कधी बघत नाही. डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, किंवा दोनशे रुपयांचं भिंग असेल तर त्याखाली धरली, की त्या चोचीच्या आतल्या बाजूला इवलीशी पानं दुमडून ठेवलेली दिसतात. टोकाकडची बाजू मूळ होणार, पानांकडची बाजू खोड होणार. रोप आधीपासून तयार असतं, फक्त झोपलेलं. आणि त्या दोन जाड पाकळ्या म्हणजे त्याची शिदोरी.

शिदोरी हा शब्द आमच्याकडच्या पोरांना समजवावा लागत नाही. घरातलं माणूस सकाळी रानात जाताना भाकरी बांधून नेतं, कारण तिथे लगेच चूल पेटत नाही. बियाचंही तसंच. पानं फुटून स्वतःचं अन्न करता येईपर्यंत मधले आठ-पंधरा दिवस काढायला आईने बांधून दिलेली भाकरी.

हरभऱ्याच्या डाळीची गंमतही इथेच सांगून टाकते. अख्खा हरभरा भरडला की दोन डाळिंब्या सुटतात आणि मधला कोंब तुटून भुशात जातो. म्हणजे डाळ म्हणजे बाळाविना उरलेली शिदोरी. द्विदल या शब्दातलं दल आणि आपली डाळ हे एकाच घरातले शब्द. ज्याची डाळ पडते ते द्विदल, एवढी खूण दुसरीच्या पोराला पुरते. ज्वारीची डाळ कुणी केल्याचं ऐकलंय का? मक्याची? त्यांची भरड होते, पीठ होतं. एकदल धान्यात शिदोरी एकाच गोळ्यात असते आणि बाळ एका कडेला चिकटलेलं. मक्याचा भिजवलेला दाणा उभा चिरला तर रुंद बाजूवरचा तो पांढुरका भाग म्हणजेच बाळ.

यानंतर मी चार वाट्या मांडते. एकीत अख्खा हरभरा, दुसरीत हरभऱ्याची डाळ, तिसरीत फुटाणे, चौथीत गोल गुळगुळीत खडे. सगळ्यांत पाणी. कुणाला मोड येतील यावर हात वर करून मतदान. फुटाण्यांना दरवर्षी भरघोस मतं पडतात. दुसऱ्या दिवशी हरभरा, डाळ आणि फुटाणे, तिन्ही फुगलेले असतात आणि फुटाण्याचे मतदार खुशीत असतात. तिसऱ्या दिवशी मोड फक्त अख्ख्या हरभऱ्याला. फुगणं ही जिवंतपणाची खूण नाही, हे या चार वाट्यांतून जेवढं कळतं तेवढं माझ्या कुठल्याच बोलण्यातून कळलं नव्हतं. मेलेलं बीही पाणी पितं, जसं लाकडी दार पावसाळ्यात फुगतं. भाजल्यामुळे फुटाण्यातलं बाळ मेलेलं असतं, शिदोरी मात्र शाबूत असते. म्हणून तर तो खायला चांगला लागतो.

पाण्याबद्दल अजून थोडं. साठवणीतल्या धान्यात ओल फार कमी असते, साधारण शंभरात दहा-बारा भाग. इतक्या कोरडेपणात आतलं सगळं काम जवळजवळ थांबलेलं असतं, म्हणून ते बी कणगीत किंवा पत्र्याच्या कोठीत वर्षभर टिकतं. भिजवलं की ते वजनाइतकं पाणी ओढतं. आम्ही आहाराच्या तराजूवर 100 ग्रॅम हरभरा भिजवण्याआधी तोलला आणि दुसऱ्या दिवशी निथळून पुन्हा तोलला. काटा 200 च्या जवळ गेला. पोरांना वाटलं मी रात्री गुपचूप आणखी टाकले.

भिजवलेला घेवडा किंवा पावटा घेऊन त्याच्या खोलगट बाजूला पाहिलं की एक लांबट डाग दिसतो. शेंगेला जिथून बी चिकटलेलं होतं तिथली ती खूण, म्हणजे बियाची बेंबीच. हे सांगितल्यावर दुसरीतल्या एकाने जे वाक्य टाकलं ते मी वहीत लिहून ठेवलंय: "बी ला बी बेंबी आसती व्हय?" त्या बेंबीशेजारी सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. भिजलेला दाणा हलकेच दाबला की तिथून पाण्याचा थेंब बाहेर येतो. पहिला मोडही बहुधा याच बाजूने डोकावतो.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी बावीस पोरांना बावीस प्लॅस्टिकचे पेले दिले. तळाला भोक पाडायचं राहिलं. माती भरली, घेवडा टोकला आणि सांगितलं, रोज पाणी घालायचं. पोरांनी रोज घातलं, मधल्या सुट्टीत घातलं, घरी जाताना घातलं, आणि ज्यांचे पेले नव्हते त्यांनी दुसऱ्यांच्या पेल्यात घातलं. पाचव्या दिवशी वर्गात असा वास सुटला की शेजारच्या वर्गाच्या गुरुजींनी उंदीर मेलाय का म्हणून कपाटामागे पाहिलं. बावीसपैकी दोन उगवले. ते दोन पेले शाळेत कमी येणाऱ्या पोरांचे होते.

बी श्वास घेतं. शिदोरीतलं पीठ आणि तेल वापरून ताकद मिळवायची तर त्याला हवेतला प्राणवायू लागतो, तुम्हाआम्हाला लागतो तसाच. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते. त्या फटी पाण्याने भरल्या की बी गुदमरतं आणि कुजतं. मोठ्या पावसात शेतात पाणी साचलं की सोयाबीन का उगवत नाही, याचं कारण माझ्या बावीस पेल्यांतच होतं. बी श्वास घेतं याचा हातावरचा पुरावा हवा असेल तर भरपूर मटकीची मोड आलेली पुरचुंडी सोडताच आत हात घालायचा. कोमट लागते. ओल्या धान्याचं पोतं तापतं, तेही याच कारणाने.

लहान पोरांसाठी याचा सगळ्यात सोपा प्रयोग जुनाच आहे. आइस्क्रीमच्या चपट्या काडीला तीन हरभरे दोऱ्याने बांधायचे, वर, मध्ये आणि खाली. उंच ग्लासात पाणी असं ओतायचं की वरचा पूर्ण कोरडा, मधला अर्धा बुडालेला आणि खालचा पूर्ण तळाशी. पाणी उकळून गार केलेलं असलं तर उत्तम, कारण उकळताना त्यातली हवा निघून जाते. तीन-चार दिवसांत मधल्यालाच धड मोड येतो. वरच्याला हवा होती पण पाणी नाही, खालच्याला पाणी होतं पण हवा नाही. हे वाक्य पोरंच म्हणतात, आपण फक्त थांबायचं.

उबेचं फार सांगत बसत नाही. डिसेंबरात मटकीला मोड यायला जास्त वेळ लागतो आणि आजी ती पुरचुंडी चुलीच्या उबेला ठेवते, एवढं सगळ्या घरांत माहीत असतं.

मोड येताना आत एक स्वयंपाकही चालू असतो. शिदोरी असते पिठाची, आणि पीठ आहे तसं बाळाला खाता येत नाही. पाणी मिळालं की बियात पाचक रस तयार होतात आणि पिठाची साखर होऊ लागते. मोड आलेली नाचणी वाळवून तिचं सत्त्व करतात, ते गोडसर लागतं त्यामागे हेच आहे. आम्ही एकदा भिजवलेली आणि मोड आलेली, अशी दोन्ही मटकी कच्ची चाखून पाहिली. तेरा जणांना फरक कळला, बाकीच्यांना उपरती झाली की कच्ची मटकी वाईट लागते.

आता मुख्य खेळ. यासाठी मी आमच्या तालुक्याचाच वाघ्या घेवडा वापरते. दाणा मोठा, गुलाबीसर अंगावर लाल रेघा, म्हणून वाघ्या. भौगोलिक मानांकन मिळालेला आमचा हा घेवडा दुकानात राजम्याशेजारी बसतो. काचेच्या ग्लासात वर्तमानपत्राची घडी गोल करून आतून चिकटवायची, मध्ये कापूस किंवा चिंध्या, आणि कागद व काच यांच्या मध्ये घेवडा अडकवायचा. कागद ओला राहील एवढंच पाणी. मातीत पेरलेलं बी पोरं रोज उकरून बघतात, त्यात त्यांचा काही दोष नाही, मीही उकरलं असतं. काचेतून उकरायची गरजच पडत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सालावर सुरकुत्या पडतात. पोरं म्हणतात, बी म्हातारं झालं. साल आधी पाणी पिऊन सैल होतं, आतला गर मागे राहतो, म्हणून त्या सुरकुत्या. सकाळपर्यंत गर फुगतो आणि दाणा टरटरीत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बेंबीपाशी साल फाटतं आणि पांढरं टोक बाहेर येतं. नेहमी मूळच आधी. घर बांधताना आधी विहीर खणावी तसं, असं मी म्हणते. त्या मुळाला मग बाजूने बारीक मुळं फुटतात. ज्वारी अशीच लावली तर मुळावर पांढरी लव दिसते आणि दरवर्षी कुणीतरी ओरडतं, "बाई, बुरशी!" ती बुरशी नसते. मुळाचे केस असतात आणि पाणी शोषायचं काम तेच करतात. थोडं पाणी शिंपडलं की लव चिकटून दिसेनाशी होते. बुरशी अशी जात नाही.

इथे एका पोराने घेवडा उलटा अडकवला होता, बेंबी वर. मूळ वर निघालं, वळलं आणि खाली गेलं. मग आम्ही ग्लासच आडवा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुळाने काटकोनात वळण घेतलेलं. अंधारात, मातीत, बीला कसं कळतं की खाली कुठे आहे? मुळाच्या टोकाच्या पेशींत पिठाचे जड कण असतात. ते भांड्यातल्या वाळूसारखे तळाला बसतात आणि ज्या बाजूला बसतील ती खालची बाजू. ग्लास आडवा केला की कण घरंगळून नव्या तळाला जातात, मूळ तिकडे वळतं. इंग्लंडमधल्या थॉमस नाइट यांनी 1806 साली याची गमतीशीर परीक्षा घेतली. त्यांनी पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या आणि चाक सतत फिरतं ठेवलं. बियांची मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेला वाढली आणि कोंब मध्याकडे. जत्रेतल्या पाळण्यात गरगर फिरताना आपण बाहेर फेकल्यासारखे होतो ना, त्या बिचाऱ्या बियांना तीच खालची बाजू वाटली. पोरांना हा किस्सा पुसेगावच्या यात्रेतल्या पाळण्यावरून सांगितला की लगेच पोचतो.

सातव्या-आठव्या दिवसाच्या आसपास कोंबाची मान दिसते. घेवडा डोकं वर काढत बाहेर येत नाही. मान वाकवून, पाठीने माती ढकलत येतो आणि मागून डोकं ओढून घेतो. ओझं घेऊन बुटक्या दारातून आत शिरणाऱ्या माणसासारखा. डोक्यात कोवळी पानं आहेत, ती सरळ घुसवली तर मातीने खरवडली जातील. जोराच्या पावसानंतर कडक ऊन पडलं की जमिनीवर खपली धरते आणि सोयाबीनच्या नेमक्या याच माना मोडतात. ज्वारी-मका दुसरी युक्ती करतात. त्यांची पानं टोकदार म्यानात गुंडाळून सुईसारखी सरळ वर येतात.

घेवड्याची शिदोरी त्याच्यासोबत जमिनीच्या वर येते. दोन जाड डाळिंब्या, त्यांच्या मधून हृदयाच्या आकाराची दोन पानं, आणि नंतर तीन-तीनच्या जुडीने पुढची. हरभरा मात्र शिदोरी जमिनीखालीच ठेवतो. शेजारी शेजारी लावून पाहा. हरभऱ्याचा शेंडा चिमणीने खुडला तरी तो खालून पुन्हा फुटू शकतो. घेवड्याची मान डाळिंब्यांच्या खाली तुटली तर खेळ खलास.

उन्हाची पाळी आता येते, आणि यासाठी आपल्याकडे एक तयार प्रसंग आहे. नवरात्रात घट बसतात. पत्रावळीवर काळी माती, त्यात ज्वारी-गव्हाचे दाणे, मध्ये पाण्याचा घट. देवघरातल्या अंधुक उजेडात नऊ दिवसांत वीतभर धान उगवतं आणि दसऱ्याला ते टोपीत खोवून माणसं सोनं वाटत फिरतात. त्या धानाचा रंग आठवा. पिवळाधमक. रानातल्या ज्वारीचा असा रंग कधी पाहिलाय? अंधारात कोंब हिरवा रंग तयार करत नाही. सगळी शिदोरी तो उंच होण्यात घालवतो, कारण मातीखाली असताना त्याला एकच काम असतं, उजेड गाठणं. देवघरातला कोंब अजून स्वतःला मातीखालीच समजतोय.

घरच्या घटाला हात लावायचा नाही, त्यात कुणाचा जीव गुंतलेला असतो. म्हणून आम्ही वर्गात दोन वाट्यांत ज्वारी लावतो, एक खिडकीत, एक कपाटात. आठवड्याने कपाटातली उंच, लुकडी आणि पिवळी. खिडकीतली बुटकी आणि हिरवी. दोन्ही रुजल्या, दोन्ही उगवल्या. मग कपाटातली वाटी उजेडात ठेवली की दोन दिवसांत तिच्यात हिरवा रंग भरतो. जी तशीच कपाटात राहते ती शिदोरी संपली की माना टाकते. रुजायला ऊन लागत नाही आणि वाढायला लागतं, हे वाक्य त्या दोन वाट्या बोलतात.

आणि वाढताना झाड खातं काय? "माती," असं निम्मा वर्ग म्हणतो, आणि पालकसभेत विचारलं तेव्हा निम्मे पालकही. हाच गैरसमज चारशे वर्षांपूर्वी बेल्जियममधल्या व्हॅन हेलमाँट यांनी तोलून पाहिला. त्यांनी कुंडीत सुमारे 90 किलो सुकी माती भरली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 76 किलोच्या वर गेलं. माती पुन्हा सुकवून तोलली तर ती 60 ग्रॅमसुद्धा कमी झाली नव्हती. त्यांचा हा वृत्तांत ते वारल्यानंतर 1648 साली छापला गेला. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड सगळं पाण्यापासून झालं. तो अर्धाच बरोबर होता. उरलेला मोठा वाटा हवेतून येतो. पान उन्हाच्या ताकदीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी आणलेलं पाणी यांची साखर करतं आणि त्या साखरेतून खोड, फांदी, शेंग. मातीतून मिळतं ते थोडंसंच, पण अडतं त्यावाचून. जेवणात मीठ असतं तसं. पहिलीच्या पोराला मी एवढंच सांगते: पान म्हणजे चूल, ऊन म्हणजे जाळ, आणि हवा-पाणी म्हणजे पीठ-पाणी. जेव्हा ते विचारतं, "मग खत कशाला घालत्यात?", तेव्हा मिठाचं सांगते.

काही बिया पाणी, हवा, ऊब सगळं मिळूनही उठत नाहीत. बाभळीच्या बियाचं साल इतकं कठीण की पाणी आत शिरत नाही. माण-खटावकडे शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात आणि त्यांच्या पोटातून आलेलं बी लवकर रुजतं, कारण पोटात साल झिजतं. कासच्या पठारावरचा तेरडा उन्हाळाभर पातळ मातीत पडून राहतो आणि पावसाळा लागला की उठतो. झोपेचा सगळ्यात मोठा पल्ला सांगायचा तर इस्रायलमध्ये मसादा किल्ल्यावर सापडलेलं खजुराचं सुमारे 2000 वर्षांपूर्वीचं बी 2005 मध्ये रुजवलं, आणि झाड झालं. पोरांना हे सांगितल्यावर एकीने आपल्या आजीच्या ट्रंकेतला कसलासा दाणा आणला. तो मणी निघाला.

आता अडचणीचा प्रश्न. आमच्या गावात आल्याचं पीक मोठं, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, आल्याचं बी कुठं आसतंय?" कारण घरात मोठी माणसं "आल्याचं बेणं" म्हणतात आणि पोराला ते बीच वाटतं. आलं लावतात त्याच्याच कंदाचा डोळेवाला तुकडा. सांगलीची हळद तशीच, गड्ड्यापासून. ऊस कांडीवरच्या डोळ्यातून. उसाला तुरा येतो, त्यात बारीक बीही असतं, पण ते नवे वाण काढणाऱ्यांच्या कामाचं, शेतकऱ्याच्या नाही. तासगावच्या बिनबियांच्या द्राक्षाची तर सोपीच गोष्ट, रानखुंटावर काडीचं कलम. आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बिया अंगावर मिरवते पण रोपं होतात तिच्या जमिनीवर पसरणाऱ्या धुमाऱ्यांपासून. कांडीपासून आलेला ऊस हा त्याच जुन्या उसाचा पुढचा भाग असतो. बियापासून येतो तो नवा जीव, थोडा आईसारखा, थोडा बापासारखा. पहिलीला एवढं पुरे.

सुरुवात करायची असेल तर मेथीपासून करा, तीन-चार दिवसांत उगवते आणि पोरांचा धीर तेवढाच असतो. कोथिंबिरीच्या वाटेला जाऊ नका. धणा म्हणजे दोन बियांचं बंद फळ, तो चपलेखाली रगडून फोडावा लागतो आणि तरी दहा-बारा दिवस दम काढतो. वर्गात पेरणीसाठी दुकानातलं लाल-गुलाबी रंगाचं बियाणं कधीच आणू नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. धोत्रा, एरंड, गुंज, पिवळी कण्हेर, यांच्या बिया विषारी आहेत, "फक्त दाखवायला" म्हणूनही नको. आणि तीन वर्षांच्या आतल्या भावंडांच्या हाती वाटाणा-हरभरा लागू देऊ नका. नाकात गेलाच तर पाणी घालू नका, तो आत फुगतो. सरळ डॉक्टरांकडे.

मोठ्या वर्गाला एक पायरी पुढे नेता येते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती रुजतात ते मोजायचं. पेरणीआधी शेतकरी सोयाबीनची उगवण अशीच तपासतो आणि शंभरात किमान 70 रुजले तर ते बियाणं पास. आमच्या तिसरी-चौथीने दहा-दहा दाण्यांवर हे केलं आणि एकाच्या घरचं ठेवणीतलं सोयाबीन दहापैकी चारच रुजलं. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. मला वाटलं भांडायला. त्यांनी गोणपाट कसं गुंडाळायचं ते विचारलं.

काचेतले घेवडे आम्ही जुलैत कुंपणापाशी लावले. निम्मे शेळीने खाल्ले. उरलेल्यांतल्या एका रोपाला आठ शेंगा धरल्या आणि घट बसायच्या सुमारास त्या वाळल्या. फोडल्या तर एकतीस दाणे. खायचे की पेरायचे यावर दोन दिवस भांडण झालं. शेवटी बावीस दाणे मावशींनी खिचडीत टाकले, माणशी एक, पण कुणाच्या ताटात पडला आणि कुणाच्या नाही हे कळलंच नाही, म्हणून पुन्हा भांडण. नऊ दाणे राखेत घालून डबीत ठेवलेत. डबी कपाटात आहे. तिच्यावर पहिलीचं नाव लिहायचं की दुसरीचं, हे अजून ठरायचंय.